खरखर गाण्यात आहे की शांततेत?

प्रश्न : विंडोज ११ असलेल्या डेस्कटॉपला यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) लावला आहे आणि तिथून आरसीए (नेहमीच्या ऑडिओ) केबलने ॲम्प्लिफायर जोडला आहे. माउस हलवला की स्पीकरमधून बारीक चिरचिर येते. शिवाय गाणं चालू असताना मधूनच टकटक होते. दुकानदार महागडी यूएसबी केबल सुचवतो. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. तुम्ही दोन दोष सांगितले आहेत आणि दोन्हींची मुळं वेगळी आहेत. आधी गाणं पूर्ण थांबवा आणि ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीइतकाच ठेवून ऐका. शांततेतही जो आवाज ऐकू येतो, तो वीजपुरवठ्यातून किंवा अर्थिंगमधून येतो. फक्त गाणं चालू असतानाच येतो, तो डेटा वेळेवर न पोहोचल्यामुळे.

चिरचिरीपासून सुरुवात करू. हेडफोन थेट डॅकला लावून ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल, तर डॅक निर्दोष आहे आणि दोष डॅक ते ॲम्प्लिफायर या जोडणीत आहे. कॉम्प्युटरचं कॅबिनेट तीन पिनच्या प्लगमधून अर्थला जोडलेलं असतं, बहुतेकदा ॲम्प्लिफायरही. आरसीए केबलची बाहेरची जाळी डॅकमार्गे या दोघांना आणखी एका वाटेने जोडते आणि बंद कडी तयार होते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरच्या भारानुसार बदलणारा प्रवाह मग त्या जाळीतूनही वाहू लागतो. आरसीएमध्ये हीच जाळी सिग्नलची परतीची तारही असते, त्यामुळे तिच्यावर पडणारा सूक्ष्म व्होल्टेज थेट संगीतात मिसळतो. माउस हलवताच आवाज बदलतो तो म्हणूनच.

उपाय सोप्यापासून करत जा. केबल काढण्याआधी दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करा. चालू असताना आरसीए ओढली तर बसणाऱ्या धक्क्याने ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. डॅक पुढच्या पोर्टवर असेल तर मागे, थेट मदरबोर्डवर लावा. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट, डॅकला ऑप्टिकल इनपुट आणि डॅकला स्वतःचा ॲडाप्टर असेल, तर यूएसबी केबल पूर्ण काढून ऑप्टिकल जोडा. प्रकाशाच्या तारेतून वीज जात नाही, त्यामुळे कडी तिथेच तुटते. दोन्ही यंत्रांना बॅलन्स्ड जोडणी असेल तर तीही उत्तम, कारण तिथे सिग्नल दोन तारांमधला फरक असतो आणि दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट वजा होतो.

यापैकी काहीच शक्य नसेल तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देऊन मधली विजेची जोडणी तोडणारं साधन. विकत घेण्याआधी त्यातली चिप पाहा. स्वस्त आयसोलेटरमध्ये सर्रास दिसणारी एडीयूएम ४१६० ही चिप सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झच्या ध्वनीला ते पुरतं. १९२ साठी ४८० मेगाबिटचा आयसोलेटर लागेल, कारण १२ मेगाबिट पूर्णपणे आवाजाच्या वाट्याला येत नाहीत. केबलवर बसवायचा फेराइटचा मणी मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतो, त्यामुळे ५० किंवा १०० हर्ट्‌झची घरघर त्याने हटत नाही.

आता टकटक. यूएसबीवरून आवाज पाठवताना चुकलेला डेटाचा पुडका पुन्हा मागवण्याची सोयच नसते. गेला तो गेला, आणि तिथे टक्‌ ऐकू येतं. ४८० मेगाबिटच्या यूएसबीचा वेग कमी पडतो असं नाही. २४ बिट १९२ किलोहर्ट्‌झ स्टीरिओलाही सुमारे ९.२ मेगाबिटच लागतात. बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर (एखादं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) प्रोसेसर अडवून धरतो. लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालू ठेवा, ते ड्रायव्हरचं नाव दाखवतं. वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर तिथे वारंवार दिसतात. वायफाय बंद करून टकटक थांबते का पाहा. थांबली तर त्याचा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बदला. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. ती नोंद दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा. डॅकला स्वतःचा ड्रायव्हर असेल तर त्यातला बफर (आगाऊ साठवलेला डेटा) एक पायरी वाढवा. गाणी ऐकताना त्याने काही बिघडत नाही. डॅक आणि कॉम्प्युटरच्या मधे यूएसबी हब असेल तर काढा. केबल साधी पण धड, एक-दोन मीटरची पुरे.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की घरघर सुरू होते. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढली तर ती थांबते. तशीच ठेवू का?

उत्तर : पिन आजच परत बसवा. आतलं इन्सुलेशन फाटलं तर धातूच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील, आणि अर्थची वाट नसल्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी उडणार नाही. हेडफोन डोक्यावर असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही. बॅटरीवर आवाज स्वच्छ येतो, म्हणजे कडी ॲडाप्टरमधूनच पूर्ण होते. वर सांगितलेले ऑप्टिकल किंवा आयसोलेटरचे उपाय इथेही लागू पडतात. आरसीएच्या वाटेत ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालणंही चालेल, मात्र स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज पातळ करतात.

एक तपासणी मात्र अवश्य करून घ्या. जुन्या घरांत सॉकेटला अर्थचं भोक असतं, पण मागे तार नसते. इलेक्ट्रिशियनला फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे दोन्ही व्होल्टेज मोजायला सांगा. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. अर्थ नसेल तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेट साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतं, हाताला झिणझिण्या येतात आणि घरघरही वाढते. घरघर फक्त वीज गेल्यावर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) आहे का पाहा. त्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा फुकटचा उपाय आहे.

प्रश्न : उबुंटूवर गाणं सुरू होताना 'फट्‌' होतं आणि पहिला सूर गिळला जातो.

उत्तर : पाच सेकंद शांतता राहिली की वायरप्लंबर (उबुंटूतला ऑडिओ यंत्रं सांभाळणारा प्रोग्राम) डॅकला झोपवतो, जागं होताना डॅक तो आवाज करतो. वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये त्या डॅकसाठी सस्पेंड टाइमआउट ० करा आणि वायरप्लंबर पुन्हा सुरू करा. वायरप्लंबरच्या आवृत्ती ०.५ पासून सेटिंगच्या लुआ भाषेतल्या फाइल चालत नाहीत, त्यामुळे तिथे जुन्या लेखांतून उतरवून घेतलेल्या ओळींचा काहीच परिणाम होणार नाही.