ताण बळाचा की लांबीचा?

प्रश्न असा आला आहे: पदार्थविज्ञानातल्या स्ट्रेस (पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळामागे येणारं बळ) आणि स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने लांबीत झालेला बदल) यांपैकी ‘ताण’ कशाला म्हणायचं, आणि स्ट्रेनसाठी ‘विकृती’ हा शब्द योग्य आहे का?

आधी एक तक्रार. ‘पुलाच्या खांबांवर ताण आला’ हे वाक्य बातम्यांत सारखं कानावर पडतं. खांबावर दाब येतो हो! ताण येतो तो दोरीवर, तारेवर, झोपाळ्याच्या कड्यांवर. मनावरचा ताण सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देतो.

संस्कृत ‘तन्’ म्हणजे लांबवणं, पसरणं. तंतू, गवयाची तान, विणकराचा ताणा, सगळे त्यातलेच. यात बळ कुठेच नाही, लांबी आहे. लॅटिन ‘तेन्सिओ’ याच घराण्यातला. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगबद्दलचा आपला नियम मांडला, ‘उत् तेन्सिओ, सिक् विस्’: जसा ताण, तसं बळ. इथे तेन्सिओ म्हणजे स्प्रिंगची वाढलेली लांबी. बळाला ‘विस्’ हा वेगळा शब्द आहे. म्हणून माझ्या मते ताण म्हणजे स्ट्रेनच. दाबाने आखूड होण्याला ‘आकुंचन’ आहेच. स्ट्रेसला परिभाषाकारांनी दिलेला ‘प्रतिबल’ हा शब्द उत्तम आहे.

पण खरा आनंद ‘तनु’मध्ये आहे. मूळ तेच, अर्थ मात्र बारीक, सडपातळ! सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापा, पेनाने तिच्यावर चौकोन काढा आणि ओढा. चौकोन लांब होतो, तसाच अरुंदही होतो. तन् आणि तनु, दोन्ही एकाच ओढीत! प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचं गुणोत्तर नेमकं हेच मोजतं, लांबी वाढते त्या मानाने रुंदी किती घटते: रबराचं जवळजवळ ०.५, पोलादाचं सुमारे ०.३, बाटलीच्या बुचाचं जवळपास शून्य. देह या अर्थाच्या ‘तनू’चं मूळ वेगळं असावं, असं काही पंडित म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. हाडांवर ताणून बसवलेली ती तनू, इतकं सरळ असताना दुसरं मूळ कशाला शोधायचं?

राहिली विकृती. व्युत्पत्तीने शब्द निर्दोष आहे, रूप बदलणं एवढाच अर्थ. पण दुधाचं दही होणं हाही विकारच, आणि दह्याचं पुन्हा दूध होत नाही. साध्या पोलादाची मीटरभर सळई एक मिलिमीटर ताणून सोडली, तर ती मूळ लांबीवर परत येते. तिला विकृत कसं म्हणायचं? दोन मिलिमीटर ताणली, तर मात्र ती पूर्ण परत येत नाही. तिथे खुशाल ‘विकृती’ म्हणा.