वाचकांचे प्रश्न : वळताना बंद पडणारी रोबोट गाडी

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. तिच्या मामाने तिला चार चाकांच्या रोबोट गाडीचा संच भेट दिला आहे. त्यात अर्दुइनो उनो बोर्ड (प्रोग्राम चालवणारी सर्किटची पट्टी), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाप्रमाणे मोटरींना वीज देणारी पट्टी), चार पिवळ्या गिअर मोटरी आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे. टेबलावर चाके अधांतरी ठेवून, बोर्डाला यूएसबी केबल जोडून चालवली तर गाडी उत्तम चालते. जमिनीवर मात्र ती सरळ जाते आणि वळण घ्यायला लागली की बोर्डावरचा दिवा क्षणभर मालवतो व प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. आता तर डावीकडचे पुढचे चाकही फिरेनासे झाले आहे, मागचे फिरते. बोर्ड जळाला असेल, नवा घ्या, असे दुकानदार म्हणतात. काय करावे?
— एक पालक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नवा बोर्ड तूर्त घेऊ नये. प्रोग्राम पहिल्यापासून का होईना, पण पुन्हा सुरू होतो, याचा अर्थ बोर्डावरची चिप शाबूत आहे आणि तिचा वीजपुरवठा मधेच कोसळतो आहे. आपण वर्णन केलेले दोन्ही दोष एकमेकांपासून वेगळे आहेत आणि दोन्ही बोर्डाच्या बाहेरचे असावेत, असे मला वाटते.

पहिल्या दोषाबाबत माझा संशय सरळ त्या चौकोनी बॅटरीवर आहे. अशी बॅटरी मल्टीमीटरसारख्या (व्होल्ट, ओहम मोजणाऱ्या यंत्रासारख्या) अगदी थोडा प्रवाह घेणाऱ्या उपकरणांसाठी असते. तिचा अंतर्गत रोध नवेपणीही एक-दोन ओहम असतो आणि ती वापरली जाईल तसा तो वाढत जातो. पिवळ्या मोटरी मोकळ्या फिरताना फारसा प्रवाह घेत नाहीत, पण अडल्या की त्यांतली प्रत्येक मोटर एक अँपिअरच्या आसपास ओढू लागते. या गाडीला सुकाणू नसते. एका बाजूची चाके पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवून ती वळते, तेव्हा चारही टायर जमिनीवर आडवे घासले जातात आणि सगळ्या मोटरींवर एकदम भार येतो. त्यातच पुढे फिरणारी मोटर न थांबवता उलटी फिरवली, तर तिने स्वतः निर्माण केलेला विद्युत दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या दाबात मिळतो आणि क्षणभर अडलेल्या मोटरीपेक्षाही जास्त, जवळजवळ दुपटीपर्यंत प्रवाह वाहू पाहतो. बोर्डाच्या गोल जॅकला निदान ७ व्होल्ट लागतात, कारण सुमारे एक व्होल्ट दाब स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आणि थोडा संरक्षक डायोडमध्ये खर्ची पडतो. बॅटरी त्याखाली बरीच घसरली की चिप स्वतःला रिसेट करते, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करते.

टेबलावरच्या चाचणीने आपली दिशाभूल झाली, कारण तिथे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या : चाकांवर भार नव्हता आणि बोर्डाला वेगळी वीज मिळत होती. त्यांपैकी एकच बदलून पाहावी. बोर्ड एखाद्या पॉवर बँकेवर चालवावा, मोटरी पूर्वीप्रमाणेच बॅटरीवर ठेवाव्यात, ड्रायव्हर आणि बोर्ड यांची ग्राउंडची (सामाईक ऋण बाजूची) तार जोडलेलीच असू द्यावी, परंतु ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या टोकाकडून बोर्डाकडे तार जात असल्यास ती काढावी. गाडी जमिनीवर वळवूनही रिसेट झाली नाही, तर निदान पक्के झाले. (ही व्यवस्था कायमची करण्याचा मोह होईल, पण बऱ्याच पॉवर बँका प्रवाह फार कमी दिसला की आपोआप बंद होतात आणि मग नव्याच दोषाचा शोध सुरू होतो.)

त्यानंतर मल्टीमीटर हाती घ्यावा. घरी नसेल तर जेल रोडवर साधा मिळतो आणि या छंदात तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता, असे कोणीही सांगेल. मोकळ्या बॅटरीवर ९ व्होल्ट दिसले म्हणून ती चांगली, हा निष्कर्ष फसवा आहे. भार असतानाच मोजावे. मुलीने चाके फडक्याने दोन-तीन सेकंद हलकेच दाबून धरावीत, त्याहून जास्त वेळ नाही, आणि तेवढ्यात आपण बॅटरीच्या दोन टोकांवर विद्युत दाब पाहावा. असेच मग ड्रायव्हरच्या स्क्रू टर्मिनलवर आणि शेवटी, जॅकवर बॅटरी पुन्हा जोडून, बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर मोजावे. बॅटरीपाशीच आकडा ढासळत असेल तर दोष बॅटरीचा. बॅटरीपाशी तो टिकतो आणि टर्मिनलपाशी घसरतो, असे दिसले तर मधला स्विच, बॅटरीवर बसणारी तारांची टोपी किंवा सैल स्क्रू तपासावा. पुष्कळदा तारेचे प्लास्टिकच स्क्रूखाली दाबले गेलेले असते आणि तांब्याचे दोन-चार धागे तेवढे धातूला टेकलेले असतात.

बॅटरी बदलायची तर ‘१८६५०’ आकाराचे दोन लिथियम सेल होल्डरमध्ये एकामागोमाग जोडावेत. त्यांतून ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट मिळतात. एल२९८एन स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो, त्यामुळे मोटरींना हवे तेवढेच पोहोचतात. दोन्ही सेल एकाच जातीचे आणि नवे असावेत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल मुलांच्या हाती देऊ नयेत, लिथियम सेलसाठीच बनवलेला चार्जर वापरावा, आणि कोणताही सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. ड्रायव्हरच्या वीज-टर्मिनलवर ४७० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावल्यास क्षणिक झटके शोषले जातात. मात्र त्याची ऋण बाजू उलटी लागली तर तो फुटू शकतो. प्रोग्राममध्येही दिशा बदलण्यापूर्वी मोटरी थांबवून पाव सेकंदाची विश्रांती द्यावी. या एका ओळीने अनेक गाड्या सुधारतात आणि तिला खर्च शून्य आहे.

आता डावे चाक. आपण सहज लिहिलेला ‘मागचे फिरते’ हा तपशील फार मोलाचा आहे. या संचांत एका बाजूच्या दोन्ही मोटरी ड्रायव्हरच्या टोकांच्या एकाच जोडीला समांतर लावलेल्या असतात. त्या जोडीवरची मागची मोटर फिरत असेल, तर तिथपर्यंत प्रोग्राम, बोर्ड आणि ड्रायव्हर यांपैकी कोणीही चुकलेले नाही. दोष पुढची मोटर, तिची तार किंवा तिचे चाक यांतच शोधावा लागेल. आधी मोटरीचा आवाज ऐकावा. ती घुमते आणि चाक स्थिर राहते, तर आतले प्लास्टिकचे दाते झिजले आहेत किंवा चाक दांड्यावर घसरते आहे. आवाजच नसेल तर मोटरीच्या मागच्या तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या भिंगातून पाहाव्यात. तार ओढली गेली की त्या मुळाशी तुटतात, किंवा सोल्डरचा डाग वरून चकचकीत दिसतो आणि खाली तार हलते. बॅटरी काढून, मोटरीच्या तारा ड्रायव्हरपासून सोडवून रोध मोजल्यास चांगल्या मोटरीत काही ओहम दिसतील. तारांच्या टोकांशी काहीच दिसले नाही आणि पट्ट्यांवर दिसले, तर तार आतून तुटली आहे. मोटरच गेली असेल तर ती तेवढी बदलावी. हे काम लांबवू नये, कारण बंद मोटरीचे चाक १:४८ च्या गिअरमुळे सहजी फिरत नाही, ते फरपटत जाते आणि त्याचा भार उरलेल्या तीन मोटरींवर व पर्यायाने बॅटरीवर पडतो.

प्रश्न : माझ्या रोबोटचा एचसी-एसआर०४ अंतरमापक सेन्सर भिंतीवर आदळल्यापासून सतत शून्य दाखवतो. त्याआधीही मे महिन्यात दुपारी गच्चीवर तो अंतर थोडे कमीच दाखवत असे. सेन्सर मुळातच सदोष होता का?
— एक विद्यार्थी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : हा शून्य म्हणजे अंतर नव्हे; ठरलेल्या वेळात प्रतिध्वनीचा संकेत आलाच नाही, असे प्रोग्राम सांगतो आहे. ५ व्होल्टचा पुरवठा बोर्डावर न मोजता सेन्सरच्या पिनांवरच मोजावा. तो ठीक असेल तर सेन्सर कानाशी धरावा. त्याचा ४० किलोहर्ट्‌झचा ध्वनी ऐकू येत नाही, पण प्रत्येक स्पंदनाबरोबर बारीक टिकटिक जाणवते. टिकटिक असेल तर पाठवणारी बाजू चालू आहे. मग एको पिनची (प्रतिध्वनीचा संकेत बोर्डाला देणाऱ्या पिनची) तार बदलून पाहावी आणि दोन्ही गोल डब्यांच्या पायांचे डाग मागच्या बाजूने तपासावेत, कारण आदळल्यावर तिथेच भेग पडते. डाग पुन्हा दिल्यावर सेन्सर बहुधा सुरू होईल.

गच्चीवरचा फरक हा सेन्सरचा दोष नव्हता. नेहमीच्या सूत्रात ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो, तो २० अंश सेल्सिअसचा आहे. ४० अंशांना तो सुमारे ३५५ मीटर होतो, प्रतिध्वनी लवकर परततो आणि दोन मीटरच्या अंतरात सुमारे ७ सेंटिमीटर कमी दिसतात. उन्हाळ्यात गच्चीवर मोजायचे असेल, तर सूत्रातला वेगाचा आकडा बदलावा.