काइपिरिन्या कडू का होते?

प्रश्न : ताई, जावई साओ पाउलोहून काशासाची, म्हणजे ब्राझीलच्या उसाच्या दारूची, बाटली घेऊन आले. मोठ्या हौसेने काइपिरिन्या, म्हणजे काशासात लिंबू-साखर घालून करतात ते पेय, केली. लिंबं सालीसकट मिक्सरमधून काढली, साखरेचा पाक घातला, गाळून बर्फावर ओतली. पहिल्या घोटानंतर जावई गप्पच. कडूजहर झाली होती! काय चुकलं? आणि ही बाटली संपली की रम चालेल का? घरात न पिणारेही आहेत, त्यांना काय देऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जावई सभ्य आहेत. मिक्सर मात्र नाही. लिंबाचा सुवास सालीच्या हिरव्या थरातल्या तेलात असतो आणि कडूपणा मुख्यतः त्याखालच्या पांढऱ्या भागात. मिक्सरचं पातं दोन्ही एकत्र वाटून टाकतं.

पाकही नको. साखरेचे दाणे सालीवर घासले जातात तेव्हा तेल चांगलं सुटतं. आपली साखर जाड असते, लवकर विरघळत नाही. मिक्सरला एकच झटका देऊन ती बारीक करा, पण पिठीसाखर होऊ देऊ नका.

ब्राझीलमध्ये मोठं, बिनबियांचं ताहिती लिंबू वापरतात. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, रस जास्त आंबट. एका ग्लासाला दीड लिंबू घ्या, तेही हिरवं. टोकं उडवा, उभं चिरा, मधली पांढरी शीर आणि बिया काढा, मग तुकडे करा. जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात तुकडे टाकून वर चार छोटे चमचे साखर घाला. आता लाकडी बत्त्याने किंवा लाटण्याच्या टोकाने चार-पाच वेळा दाबा. कुटू नका, रगडू नका. रस सुटला आणि वास आला की थांबा. ६० मिली काशासा, ग्लासभर बर्फ, एकदा ढवळा. गाळायचं नाही, तुकडे ग्लासातच राहतात. आणि करून ठेवायची नाही, पाहुणे बसले की करायची. साओ पाउलोत मी राहत होते तेव्हा शनिवारी फेजोआडाच्या, म्हणजे काळ्या घेवड्याच्या आणि डुकराच्या मांसाच्या जेवणाआधी ती हमखास यायची. त्या जड जेवणाला असंच आंबट काहीतरी हवं.

रम चालेल, पण ते पेय वेगळं. काशासा उसाच्या ताज्या रसापासून होते, आपल्याकडची रम बहुतेक मळीपासून. ब्राझीलच्या कायद्यानुसार काशासा नसेल तर काइपिरिन्या हे नावच लावता येत नाही. रमवालीला तिथे काइपिरिसिमा म्हणतात, व्होडकावालीला काइपिरोस्का. पांढरी रम घ्या. काळीने लिंबाचा वास झाकला जातो. काजूची बोंडं मिळाली तर दोन-तीन फोडी लिंबासोबत दाबून पाहा. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधूनच गोव्यात आणला, आणि ब्राझीलमध्ये बोंडांचंही हे पेय करतात.

न पिणाऱ्यांसाठी तुमचा मिक्सर बाहेर काढा. चार कागदी लिंबं चिरून बिया काढा, लिटरभर गार पाणी, अर्धी वाटी साखर, तीन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क. पाच सेकंद फिरवा, त्याहून जास्त नाही, आणि लगेच गाळा. ब्राझीलमध्ये हे लिंबूपाणी घरोघरी होतं. दहा-पंधरा मिनिटांत संपवा; ठेवलंत तर तेही कडू होतं, आणि जावई पुन्हा गप्प बसतील.