2147483647 ही मूळ संख्या आहे हे संगणकाशिवाय कळतं का? आणि कळून फायदा काय?

कळतं. गणितज्ञ ऑयलरनं 1772 साली दाखवलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना.

बारावीच्या सुट्टीत मी हेच हातानं करत बसायचो. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचा कारखाना, मागांचा खडखडाट आणि जुन्या बिलबुकांचे पाठकोरे कागद. पुण्याहून आलेला इंजिनियर आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, सगळ्यांसमोर म्हणाला, "कम्प्युटर सेकंदात सांगतो, कागद कशाला नासतोस?" सगळे हसले. ते मला अजून लागतं.

कारण मी आंधळेपणानं भागत नव्हतो. वर्गमूळ 46340 च्या पुढे जरासं, म्हणून भाजक तिथपर्यंतच तपासायचे. पण संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1, आणि 31 मूळ. त्यामुळे तिच्या कुठल्याही मूळ भाजकाला 62 नं भागलं तर बाकी 1 च यायला हवी. शिवाय 2 चा 32 वा घात हा पूर्ण वर्ग, आणि त्या भाजकानं भागल्यावर त्याची बाकी 2. म्हणून भाजकाला 8 नं भागल्यावर बाकी 1 किंवा 7. दोन्ही अटी जुळवल्या की 248 च्या पटीत 1 किंवा 63 मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. जास्तीत जास्त 372. त्यातही 249, 497 असल्या तर बघताक्षणी कटाप. पहिली खरी मूळ संख्या 311, बाकी 35. मग 1303, बाकी 226. शेवटपर्यंत शून्य बाकी कुठेच येत नाही.

दादाला माझं आजही हेच म्हणणं आहे: यंत्र फक्त 'मूळ आहे' म्हणतं. 372 च का, हे माणसानं शोधलं, आणि यंत्राचं कामही त्याच चाळणीनं हलकं होतं.

फायद्याचं म्हणाल तर 32 बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण) पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच, पण त्याचा मूळ असण्याशी संबंध नाही. 16 बिटांची मर्यादा 32767 तर 7 नं जाते. मूळपणाचा उपयोग यादृच्छिक संख्या तयार करताना होतो: 16807 नं गुणत जायचं आणि हिनं भागून बाकी घ्यायची, म्हणजे 1 ते 2147483646 सगळ्या येऊन गेल्यावरच फेरा पुन्हा सुरू होतो.

हो, हाताच्या कामाला मर्यादा आहे. 2024 मध्ये सापडलेली मूळ संख्या 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकी आहे, तिथे यंत्राला पर्याय नाही.

तुम्ही आधी 524287 घ्या, म्हणजे 2 चा 19 वा घात वजा 1. हीच चाळणी लावली की 191, 457 आणि 647 एवढे तीनच भागाकार उरतात. गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या दादाच्या मुलाला मी हीच दिली होती. त्यानं मोबाईल बाजूला ठेवला आणि जेवायच्या आत संपवली.