सोसायटीच्या यादीतला मोबाइल कोणता, लँडलाइन कोणता?

दादरची जुनी सोसायटी, वार्षिक सभेचा एसएमएस पाठवायचाय आणि एक्सेलच्या यादीतून लँडलाइन वेगळे काढायचेत, हा तुमचा प्रश्न. दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होणारा तो मोबाइल, हे सगळेच सांगतात. बरोबरच आहे. पण एक्सेलमध्ये हा नियम फसतो, कारण एक्सेल सुरुवातीचा शून्य खाऊन टाकतं.

मुंबईचा ०२२ मग नुसता २२ उरतो, पुढे आठ आकडे, म्हणजे दहाच. तरी २ने सुरू होतो म्हणून पकडला जातो. ठाणे, नवी मुंबई ०२२च. वसई-विरार ०२५०, डोंबिवली ०२५१, तेही सापडतात. खरा घोळ नागपूरचा. ०७१२मधला शून्य गेला की ७१२ आणि पुढे सात आकडे. दिसायला अस्सल मोबाइल! अहमदाबाद ०७९ आणि बंगळुरू ०८० यांचंही तेच.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका लेकीकडे नागपूरला राहायला गेले. जाताना रजिस्टरात तिच्या घरचा नंबर लिहून गेले, तो मी बिनधास्त मोबाइलच्या रकान्यात टाकला. दोन सभांचे निरोप पोचलेच नाहीत. मग काकांचाच फोन आला, "आम्हाला सोसायटीतून काढलं वाटतं?" तेव्हापासून ७१२, ७९ किंवा ८०च्या लगेच पुढे २ दिसला की मी तो लँडलाइन धरतो आणि एकदा फोन लावून बघतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दिसला म्हणजे मोबाइल, असंही धरू नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लँडलाइनवरही सुरू करता येतं, दुकानं-दवाखाने करतात.

याउलट रजिस्टरात ०९८२०... असा अकरा आकडी नंबर दिसला तर तो एसटीडी कोड नव्हे. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो (१५ जानेवारी २०२१पासून सगळीकडेच), म्हणून आजी-आजोबा तसाच लिहून ठेवतात. आणि सात आकडीच असेल तर तो मुंबईचे नंबर आठ आकडी होण्याआधीचा. ४३०ने सुरू होणारा असेल तर आता २४३०. अर्थात तो फोन अजून चालू असेल तर.

नवीन नंबर भरण्याआधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या, शून्य टिकेल. आधीच गेलेल्या शून्यांसाठी मात्र रजिस्टरच उघडावं लागेल.