थांब, हाताला इचारते

पोरी,

अनेक आशीर्वाद. 'मन मेंदूबाहेरही असतं, मला पटलं,' असं तू ठणकावून लिहिलंस. इतक्या लवकर पटवून घेऊ नकोस.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांच्या 1998 सालच्या लेखातला ऑटो तुला आवडला, ते समजलं. विसराळूपणाचा आजार जडलेला एक कल्पित माणूस. संग्रहालयाचा पत्ता वहीत बघतो आणि निघतो. आपण डोक्यात शोधतो, तो वहीत. पण वही मनाचा भाग धरायला त्यांनी घातलेल्या अटी तू गाळल्यास: वही कायम जवळ हवी, हवं ते लगेच सापडायला हवं, आणि त्यात लिहिलेलं त्यानं शंका न घेता मानायला हवं.

आपल्या सोलापुरातलंच बघ. जेकार्ड मागावर चादरीतलं फूल पुठ्ठ्याच्या भोकांत असतं; कुठले धागे उचलायचे ते माग त्या भोकांवरून ठरवतो. विणकराला ते पाठ नसलं तरी काही अडत नाही. म्हणून पुठ्ठा त्याचं मन झाला का? मला नाही वाटत. तो पुठ्ठ्याला काही विचारतच नाही, माग परस्पर विचारून घेतो.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पानं, गप्पा शेजारणीशी, नजर दाराकडे. फाटकं पान लागलं की बोटंच ते बाजूला टाकत. एकदा मी विचारलं, एका विडीत तंबाखू किती घालतेस? तिला सांगता येईना. "थांब, हाताला इचारते," म्हणाली. रिकामं पान उचललं, चिमूट सोडली आणि माझ्यापुढं धरलं, "एवढी."

वर्गात ही गोष्ट मी वर्षानुवर्षं पुरावा म्हणून सांगितली. मग एका पोरानं विचारलं, "सर, हात हलवतो कोण? मेंदूच ना?" अ‍ॅडम्स आणि आयझावा या तत्त्वज्ञांचा क्लार्क-चाल्मर्स यांच्यावरचा आक्षेपही त्याच जातीचा: एखादी वस्तू मनाला जोडलेली असली म्हणून ती मनाचा भाग होत नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो. आज एवढं म्हणेन, की बोटं हलल्याशिवाय आईला ते माप काढता आलं नाही. पान-तंबाखूही तिच्या मनात धरायचे का, हे माझं अजून ठरलेलं नाही.

'मोबाइल म्हणजे माझं मन' हे तुझं वाक्य मात्र आधी खोड. रविवारी तो घरी ठेव आणि सात रस्ता चौकापासून चालत माझ्याकडं ये. कुठं अडलीस, कुठं पाय आपसूक वळले, ते लक्षात ठेव. दोनदा येऊन गेलीयेस, पत्ता पुन्हा पाठवत नाही.