भाड्याच्या घरात रोज झोपायला एअर मॅट्रेस घेऊ का स्प्रिंगची गादी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात वन आरके घेतलाय, ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, घर बदलताना गादी ओढत न्यायला नको म्हणून एअर मॅट्रेसच घ्यावी असं वाटतंय, आणि आईबाबा अधूनमधून गावाहून येतात. मी अगदी हाच विचार करून एअर मॅट्रेस घेतली होती आणि आठ महिने रोज तिच्यावर झोपलो, म्हणून सरळच सांगतो, रोजच्या झोपेला स्प्रिंगचीच घ्या.

पहिला आठवडा छान जातो. मग रोज सकाळी गादी थोडी बसलेली दिसायला लागते आणि आपण भोक शोधत बसतो. बऱ्याचदा भोक नसतंच, पीव्हीसी नवीन असताना ताणतं, आणि पहाटे खोली गार झाली की आतली हवा आकसते. पण कारण काही का असेना, कंबर खाली जाते ते जातेच, आणि माझी सकाळी आखडलेली असायची. उन्हाळ्यात प्लास्टिकमधून हवा खेळत नाही म्हणून पाठ घामेजते, डिसेंबरात उलट खालून गारठा येतो कारण आत नुसती हवाच आहे, अंगाची ऊब धरून ठेवायला काहीच नाही. यावर एकच उपाय लागू पडला, वर जाड गोधडी आणि तिच्यावर सोलापुरी चादर.

पंक्चर साबणाच्या पाण्याने सापडतं, बुडबुडे येतात. गुळगुळीत बाजूला असेल तर पॅच बसतो, वरच्या मखमली बाजूला धड चिकटत नाही, आधी ती लव घासून काढावी लागते. पण सहाव्या महिन्यात माझ्या गादीच्या आतला एक जोड सुटला आणि मधोमध टेंगूळ आलं, त्याला काही इलाज नाही. दोन महिने एका कडेला झोपून काढले आणि मग टाकून दिली.

आता आईबाबांचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपण काय करतो, पाहुणे आले की त्यांना एअर मॅट्रेस फुगवून देतो. माझे बाबा आले तेव्हा मीही तेच केलं, त्यांचे गुडघे दुखतात, आणि एअर मॅट्रेसच्या कडेवर वजन टाकलं की कड दबते, हाताला आधारच मिळत नाही, रात्री बाथरूमला उठताना भिंत धरायला लागते. सकाळी बघतो तर बाबा खाली सतरंजीवर झोपलेले. मला काही बोलले नाहीत, पोराने हौसेने आणलीये म्हणून. मला फार वाईट वाटलं. म्हणून म्हणतो, चांगली गादी त्यांना आणि हवेची आपल्याला.

स्प्रिंगमध्ये दोन प्रकार मिळतील. बॉनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, स्वस्त पडते, पण एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळतं. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे दोघं झोपणार असतील तर हीच बरी. दुकानात नुसतं बसून उठू नका, लाज न बाळगता दहा मिनिटं आडवे व्हा, कुशीवर पण, आणि उताणं झोपून कंबरेखाली हात घालून बघा, हात सहज आरपार जात असेल तर ती गादी तुमच्यासाठी कडक आहे. वॉरंटी कार्डावर किती खड्डा पडला तर बदलून देतात ते वाचा, बिल जपून ठेवा.

जमिनीवर टाकणार असाल तर पावसाळ्यात सांभाळा, खाली ओल धरून बुरशी येते, आठवड्यातून एकदा भिंतीला उभी करून ठेवायची. नव्या गादीचं प्लास्टिक काढून टाका, आत दमटपणा अडकतो. जमलं तर साधी कॉट घ्या, आईबाबांना उठायलाही सोपं जाईल.

आणि हलवायची भीती वाटते तेवढी नाही. मी नंतर घेतलेली स्प्रिंगची गादी दोन घरं फिरलीये, टेम्पोत कडेवर उभी लावायची, दोरीने बांधायची, दुमडायची मात्र अजिबात नाही, आतल्या तारा वाकतात.

बजेट असेल तर नंतर छोटी सिंगल एअर मॅट्रेसही घेऊन ठेवा, आईबाबा आले की तुम्हाला स्वतःला झोपायला, दोन-चार रात्री तिला काही होत नाही. तिच्यासोबत पायाने मारायचा पंप घ्या, लाइट गेली तरी अडत नाही. कुणाचं तान्हं बाळ आलं तर त्याला मात्र तिच्यावर झोपवू नका, बाळ खोलगट भागात घरंगळतं आणि नाक दबून श्वास कोंडू शकतो.

स्प्रिंगची ऑर्डर द्यायच्या आधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण टेपने मोजून घ्या, ६ बाय ५ ची गादी वळत नाही, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर चौघांनी गॅलरीतून ओढून घेतली होती.